आई 'वयामुळे शांत झालीये' की हार्ट फेल्युअर आहे? शुश्रूषा केंद्रातल्या वृद्धांमध्ये ओळखायचं कसं?

येऊरवाट | मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायची वेळ आली.

आई ८४ वर्षांची. दीड वर्षापूर्वी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ती पुन्हा धड चालली नाही. आमचं घर ठाण्यात नौपाड्याला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी आणि नवरा दोघंही नोकरीत. ब्यूरोच्या चार बायका बदलून झाल्या, मग घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एका शुश्रूषा केंद्रात तिला ठेवलं. केंद्र स्वच्छ आहे, मावश्या प्रेमाने करतात.

गेल्या दोन महिन्यांत आई बदलली. आधी सकाळी पेपर आला की शब्दकोडं सोडवल्याशिवाय चहाला हात लावायची नाही. आता कोडं तसंच पडलेलं असतं आणि ती खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेते. जेवण अर्ध्या पोळीवर आलंय, दोन घासांत 'पोट भरलं'. मागच्या रविवारी मला 'ताई' म्हणाली. ताई म्हणजे तिची मोठी बहीण, जाऊन बारा वर्षं झाली. पायावर सूज आहे. केंद्रात आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर म्हणाले, वयानुसार आहे, दिवसभर पाय खाली सोडून बसतात म्हणून सुजतात. मी मान डोलावली आणि घरी आले.

काल निघताना रात्रपाळीच्या मावशींनी मला जिन्यापाशी गाठलं. म्हणाल्या, "ताई, आजी रात्री आडव्या राहत नाहीत. दोन-अडीचला उठून बसतात, पाय खाली सोडतात, खिडकी उघड म्हणतात. मी पाठीला उशा लावते, मग पहाटे डोळा लागतो." किती दिवस चाललंय हे? "झाले पंधरा-वीस." त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

औषधं: बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि अमलोडिपिन १०, गुडघ्यासाठी रोज एक पेनकिलर. डायबेटिस नाही. हे हृदयाचं असू शकतं का? आणि तिला इकडून तिकडे न फिरवता ते कसं कळेल?

अबोली | मंगळवार, रात्री ११:५२

येऊरवाट, वाचून पोटात कालवलं. माझ्या सासूबाईंचं असंच होतं. त्यांना रात्री खोकला यायचा आणि आम्ही दोन महिने खोकल्याचं औषध पाजत राहिलो. थांबू नका, उद्याच कुणालातरी दाखवा.

परिचारिका_निवृत्त | बुधवार, सकाळी ६:१५

ताई, ३४ वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यावरून सांगते. त्या मावशींनी तुम्हाला फार मोलाचं सांगितलंय. आडवं झाल्यावर दोन-तीन तासांनी जीव घाबरा होऊन उठणं, पाय खाली सोडल्यावर बरं वाटणं, खिडकी उघडायला सांगणं हे हृदयाचंच असेल असं नाही, पण पहिली शंका तिथेच घ्यायची. दिवसभर पायात साठलेलं पाणी झोपल्यावर रक्तात परत येतं आणि थकलेल्या हृदयाला ते झेपत नाही.

आज जाल तेव्हा एवढं बघा. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून ठेवा आणि उचला. खळगा पडतो का, किती वेळ राहतो, सूज घोट्यापर्यंत आहे की गुडघ्यापर्यंत? मग कुशीवर वळवून माकडहाडापाशी तसंच दाबा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं पाणी पायात न दिसता कंबरेखाली उतरतं, आणि तिथे कुणी बघत नाही. आई शांत बसलेली असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. आणि वजन. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर. उभं राहता येत नसेल तर केंद्राकडे खुर्चीचा काटा आहे का विचारा. तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वाढलं तर ते पाणी समजायचं. तुमची आई अर्धी पोळी खातेय, तिचं वजन वाढायचं कारण नाही.

पाचपाखाडी | बुधवार, सकाळी ९:३०

'हार्ट फेल' म्हणजे हृदय बंद पडणं ना? मग दोन महिने माणूस बसून कसं असेल? चुकत असेन तर सांगा.

डॉ_खाडीपलीकडे | बुधवार, दुपारी ३:४०

नवी मुंबईत फिजिशियन आहे, पनवेलच्या बाजूच्या दोन वृद्धाश्रमांत दर पंधरवड्याला जातो. इथे बसून निदान करणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

पाचपाखाडी, तुमचा प्रश्न बरोबर आहे, कारण या नावानेच फार गोंधळ होतो. हृदय बंद पडणं वेगळं. हार्ट फेल्युअर म्हणजे शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलणं हृदयाला झेपत नाही, किंवा ते काम त्याला आतला दाब वाढवून करावं लागतं. मग मागे फुप्फुसांत, पायांत, यकृतात पाणी साठतं. हे वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. (शब्दावरून आठवलं: परदेशी लेखांत 'नर्सिंग होम' दिसलं की वृद्धांची निवासी केंद्रं समजा. आपल्याकडे १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यापासून तो शब्द छोट्या खासगी हॉस्पिटलसाठी रुळलाय.)

केंद्रातल्या माणसात निदान अवघड का होतं? पुस्तकात पहिलं लक्षण 'चालताना धाप लागणे'. केंद्रातली आजी चालतच नाही, मग धाप दिसणार कुठे? वाकून चप्पल घालताना दम लागणं हे एक चांगलं लक्षण आहे, पण चप्पल मावशी घालतात. उरतं काय? जेवण कमी होणं, दिवसा पेंगणं, गोंधळणं, गप्प होणं. यातलं प्रत्येक 'वयानुसार' म्हणून खपून जातं. भूक का जाते? आतडी आणि यकृत सुजलेले असतात, म्हणून दोन घासांत पोट गच्च वाटतं.

इंग्लंडमध्ये २००९-१० साली ३३ केंद्रांतल्या ४०५ वृद्धांची जागेवर जाऊन तपासणी केली होती, प्रत्येकाचा टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढून. सुमारे २३ टक्क्यांना हार्ट फेल्युअर निघालं आणि त्यातल्या ९० टक्क्यांच्या कागदावर ते आधी नव्हतंच. मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी बाजू: ज्यांच्या कागदावर आधीपासून 'हार्ट फेल्युअर' लिहिलेलं होतं, त्यातल्या बहुतेकांना ते नव्हतं. नुसती सूज, दम, छातीतली खरखर एवढ्यावर या वयात खरं-खोटं करता येत नाही.

म्हणून क्रम असा. आधी नीट तपासणी: पाठ ४५ अंशांत टेकवून मानेची शीर बघायची, उजव्या बरगडीखाली हलका दाब दिल्यावर ती फुगून तशीच राहते का ते बघायचं, पाठीला स्टेथोस्कोप लावायचा. याला दहा मिनिटं लागतात आणि टॉर्च लागतो. मग पलंगापाशीच ईसीजी आणि रक्त: हिमोग्लोबिन, किडनी, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड आणि एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथून जो पदार्थ सुटतो, त्याचं हे मोजमाप.

येऊरवाट, तुम्ही म्हणालात की आईला फिरवायचं नाही. इथे ही रक्ततपासणी कामी येते. इंग्लंडमध्ये इकोचं मशीन केंद्रात नेलं. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे पोर्टेबल सोनोग्राफी-इको मशीन असं कुठेही उचलून नेता येत नाही. ते नोंदणीच्या जागेतल्या दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरायचं असतं. तो नियम का आला हे महाराष्ट्राला सांगायला नको. पण त्यामुळे इकोसाठी वृद्धालाच हलवावं लागतं. रक्त मात्र घरी येऊन नेतात. एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली आला तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी, आईला हलवायची गरज नाही, कारण दुसरीकडे शोधायचं. ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांत ४०० ते २००० असेल तर सहा आठवड्यांत आणि २००० च्या वर असेल तर दोन आठवड्यांत तज्ज्ञ व इको, असं आहे. मात्र वय, अशक्त किडनी आणि अनियमित ठोके यांनी हा आकडा मुळातच वर जातो, लठ्ठ माणसात तो खाली राहतो. त्यामुळे आकडा मोठा आला म्हणजे निदान झालं असं समजू नका, तो फक्त इकोचं दार उघडतो.

आणि ती रोजची पेनकिलर आजच डॉक्टरांना विचारून थांबवा. त्या गटातल्या बहुतेक गोळ्या मीठ-पाणी शरीरात धरून ठेवतात. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल.

सानपाडा_पश्चिम | बुधवार, रात्री १०:०५

डॉक्टरांच्या 'दुसऱ्या बाजू'बद्दल लिहायलाच हवं, आमच्याकडे तेच घडलं.

बाबा ८१ वर्षांचे, नेरुळच्या एका केंद्रात होते. पाय सुजले. कुणीतरी फाइलवर 'हार्ट फेल्युअर' लिहिलं आणि लघवी होण्याची गोळी सुरू केली. इको नाही, ईसीजी नाही. सूज हलली नाही म्हणून डोस दुप्पट. तीन आठवड्यांनी बाबा बाथरूममध्ये पडले, डोक्याला सात टाके. ॲडमिट केलं तेव्हा रक्तातलं सोडियम ११८, म्हणजे फारच कमी. चार दिवस ते मला ओळखत नव्हते. इको काढला, हृदय ठणठणीत. मग तिथल्या एका तरुण डॉक्टरने गोळ्यांचा डबा उलटा करून प्रत्येक पट्टी वाचली आणि अमलोडिपिनवर बोट ठेवलं. त्या बीपीच्या गोळीने घोट्याला सूज येते आणि ती लघवीच्या गोळीने जात नाही. गोळी बदलली, दोन आठवड्यांत पाय पूर्ववत.

येऊरवाट, तुमच्या आईच्या यादीत अमलोडिपिन १० वाचल्यावर माझ्या अंगावर काटा आला. रात्रीचं उठून बसणं वेगळं आहे हे मान्य. पण इकोशिवाय कुणाला ते दोन शब्द फाइलवर लिहू देऊ नका. एकदा लिहिले की पुढचा प्रत्येक जण तेच उतरवून घेतो.

डॉ_खाडीपलीकडे | बुधवार, रात्री १०:४०

सानपाडा, अगदी खरं. यात प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) आणि पायोग्लिटाझोन (डायबेटिसची गोळी) ही नावंही जोडा, दोन्हींनी सूज येते. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असणं, पायांच्या शिरा, किडनी हेही आहेच.

देवगडचा | गुरुवार, सकाळी ७:५०

माझं मत वेगळं आहे, कुणी दुखावून घेऊ नये. ८४ वर्षांच्या बाईला सुया, मशीन, ॲम्ब्युलन्स हे कशासाठी? आमची आजी ९० व्या वर्षी गावी गेली, शेवटचे सहा महिने खाटेवर, कुणी तिला तपासलं नाही, शांतपणे गेली. निदान करून करणार काय? बायपास?

परिचारिका_निवृत्त | गुरुवार, सकाळी ८:२०

देवगडचा, आजीबद्दलची तुमची माया समजते. पण मी रात्रपाळ्या केल्यात. छातीत पाणी भरलेला माणूस शांत नसतो. तो अडीच वाजता चादर मुठीत धरून बसतो आणि बोलायला श्वास पुरत नाही म्हणून बोलत नाही. लांबून बघणाऱ्याला तो शांत दिसतो.

डॉ_खाडीपलीकडे | गुरुवार, दुपारी २:१०

देवगडचा यांचा प्रश्न विचारलाच पाहिजे असा आहे. बायपास, अँजिओग्राफी यासाठी हे निदान करायचं नाही. आजी रात्री आडवी झोपावी म्हणून करायचं. पाणी असेल तर योग्य गोळीने दोन-तीन दिवसांत फरक पडतो, नसेल तर तीच गोळी माणसाला पाडते, हे सानपाड्यांनी दाखवलंच. पुढे शेवटचा काळ आला तरी धाप कमी करणं, घरच्यांशी आधी बोलून ठेवणं, दर वेळी आयसीयूत न पळवणं, हे सगळं आजार माहीत असेल तरच नीट ठरवता येतं. तपासणी किती करायची हे मात्र आजींना विचारून ठरवा. त्या गोंधळलेल्या असल्या तरी सकाळच्या वेळी बरंच सांगू शकतात.

देवगडचा | गुरुवार, दुपारी ४:३०

हे पटलं. परिचारिका ताईंचं वाचून आजीच्या त्या खाटेबद्दल पुन्हा विचार करतोय. तीही बसूनच झोपायची.

येऊरवाट | रविवार, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार, काय झालं ते लिहिते.

बुधवारी संध्याकाळी गेले. मोजा काढला तर इलॅस्टिकची खाच पोटरीत इतकी खोल की माझं बोट आडवं मावलं. नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला आणि मी आईशी पावसाबद्दल बोलत होते तोवर तसाच होता. माकडहाडापाशीही होता. श्वास मिनिटाला २६. वजन मार्चच्या नोंदीपेक्षा साडेतीन किलो जास्त. अर्धी पोळी खाणाऱ्या बाईचं.

गुरुवारी ओळखीच्या एमडी डॉक्टर बाई केंद्रात आल्या. त्यांनी आधी आईला विचारलं, "आजी, रात्री काय होतं?" आई म्हणाली, "कोंडल्यासारखं होतं. पंखा असूनही हवा पुरत नाही." दोन महिन्यांत हा प्रश्न आईला पहिल्यांदाच विचारला गेला. मग टॉर्च तिरका धरून त्यांनी मानेची शीर मला दाखवली. कानाच्या पाळीखालपर्यंत ती थडथडत होती. एकदा दिसल्यावर मला तिच्यावरून नजर काढता येईना.

ईसीजी पलंगावरच काढला, ठोके अनियमित: एट्रियल फिब्रिलेशन. हे कधीपासून आहे कुणालाच माहीत नाही. एनटी-प्रोबीएनपी २८६०. हिमोग्लोबिन ९.८. किडनी वयाच्या मानाने ठीक.

मग आईला विचारलं की इकोला जायचं का. "दुखेल का?" नाही. "मग जाऊ." शनिवारी सकाळी सातला निघालो, कापूरबावडीची गर्दी टाळायला. मेट्रोच्या कामामुळे रस्ता उखडलाय, दर खड्ड्याला आई माझा हात दाबत होती. पाचपाखाडीला पोहोचायला पाऊण तास. तपासणी वीस मिनिटांची. डाव्या कुशीवर फार वेळ झोपवेना म्हणून तिथल्या मुलीने मध्ये दोनदा थांबून तिला उठवून बसवलं.

रिपोर्टमध्ये पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ५५ टक्के. मला वाटलं, मग हृदय चांगलं आहे! डॉक्टर बाईंनी समजावलं: पंपिंग ४० किंवा खाली असतं तो एक प्रकार, ४१ ते ४९ मधला, आणि ५० च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असतं. हृदय नीट आकुंचन पावतं पण कडक झाल्यामुळे सैल होत नाही, भरताना आतला दाब वाढतो. वयस्क, बीपीवाल्या बायकांत हाच प्रकार जास्त. आईचा डावा वरचा कप्पा मोठा झालाय आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब आहे. निदान पक्कं.

पेनकिलर बंद. अमलोडिपिन निम्मं. टॉर्सेमाइड ही लघवीची गोळी लहान डोसात सकाळी, दर आठवड्याला सोडियम-पोटॅशियम बघून. डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केलं. डायबेटिसची गोळी कशाला विचारलं तर म्हणाल्या, साखर नसली तरी या प्रकारात ॲडमिट व्हायची वेळ कमी येते, हे २०२२ च्या मोठ्या चाचणीत दिसलंय. तिचं पेटंट २०२० मध्ये संपल्यामुळे आता स्वस्तात मिळते. या गोळीने लघवीतून साखर जाते, म्हणून लघवीच्या जागेची स्वच्छता मात्र मावशींना नीट समजावली. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू करायची का, हे हिमोग्लोबिन का कमी आहे ते बघून पुढच्या आठवड्यात ठरेल.

केंद्रचालक_पनवेल | सोमवार, दुपारी १२:३०

मी २८ खाटांचं केंद्र चालवतो. हा धागा काल रात्री दोनदा वाचला. आमच्याकडे रात्रीच्या रजिस्टरमध्ये 'आजी-आजोबा ठीक' एवढंच लिहितात. बीपी, साखर, शौच यांचे रकाने आहेत, झोप कशी लागली याचा नाही. मावश्यांना सगळं दिसतं, पण डॉक्टर सकाळी अकराला येतात तेव्हा रात्रपाळी घरी गेलेली असते. आजपासून तीन प्रश्न रजिस्टरमध्ये घातलेत: किती उशा, रात्री उठून बसले का, ताटात किती उरलं. सोमवारी आणि गुरुवारी वजन. खुर्चीचा काटा मागवलाय. रोज २८ जणांचं वजन जमणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

परिचारिका_निवृत्त | सोमवार, दुपारी १:१५

दादा, सगळ्यांचं रोज नको. ज्यांना बीपी, जुना हार्ट ॲटॅक किंवा अनियमित ठोके आहेत, ज्यांची लघवीची गोळी चालू आहे, त्यांचंच रोज करा, सात-आठ जण निघतील. आणि जेवणातलं लोणचं-पापड बघा. केंद्रांत भाजी अळणी असते आणि ताटात दोन पापड.

अबोली | शुक्रवार, रात्री ८:१०

धागा वर काढतेय. येऊरवाट, आई कशी आहे?

येऊरवाट | शुक्रवार, रात्री १०:५५

आत्ताच येऊन बसले. वजन २.८ किलोने उतरलं. पहिले दोन दिवस लघवीला सारखं उठावं लागलं म्हणून चिडली होती, आता गोळी सकाळी सातला देतात, दुपारपर्यंत आटपतं. सोडियम १३६, ठीक. एक पोळी आणि भात खाल्ला. मला अजून एखाददा ताई म्हणते. डॉक्टर म्हणाल्या, यातलं किती परत येईल ते महिन्याभराने कळेल.

मावशींनी वहीत काल रात्रीचं लिहिलंय, त्यांच्याच अक्षरात: 'उशी २. खिडकी नाही मागितली. ४ ला लघवी, परत आडव्या.'

केंद्रचालक_पनवेल | शुक्रवार, रात्री ११:२०

ताई, त्या वहीच्या पानाचा फोटो व्यनित (खासगी निरोपात) पाठवाल का? आजींचं नाव झाकून. आमच्या मावश्यांना दाखवायचाय.

येऊरवाट | शुक्रवार, रात्री ११:२४

मावशींना उद्या विचारते आणि पाठवते. वही त्यांची आहे.